पाहुण्याच्या बाजूचा दिवा

पहिल्याच दिवशी मी बाईंना चुकीचा दिवा खोलायला लावला.

झालं असं. लोधीपुऱ्यातल्या त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. भांडी अजून पोत्यात होती. खालून हाक आली, "अहो भाडेकरू, जरा गाडीपुढे उभे राहता का?" घरमालकिणीचं पहिलंच काम, नाही कसं म्हणणार? धावत गेलो. बाई स्टिअरिंगवर बसल्या होत्या. "कोणता लागत नाही तेवढं सांगा," म्हणाल्या. मी गाडीकडे तोंड करून उभा. माझ्या डाव्या हाताचा दिवा मेलेला. मी ठणकावून सांगितलं, "डावा!"

बाई उतरल्या, बॉनेट उघडलं आणि गाडीचा डावा दिवा, म्हणजे जो चांगला धडधाकट होता तो, काढून ओट्यावर मांडला. काच, रबर, बल्ब, होल्डर, सगळं ओळीने. ऊन डोक्यावर येईपर्यंत त्या निरोगी दिव्यात रोग शोधत होत्या आणि मी शेजारी उभा राहून जाणकारासारखी मान हलवत होतो. शेवटी सगळं परत बसवून त्यांनी बटण दाबलं. मी पुन्हा समोर जाऊन म्हणालो, "डावा अजून बंदच आहे, बाई."

त्या खाली उतरून माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. दिव्याकडे पाहिलं. मग माझ्या डाव्या हाताकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"भाडेकरू, तुमचा डावा की गाडीचा?"

मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करतो. डावीकडचं कपाट, उजवीकडचं कपाट असं दिवसभर पोरांना सांगत असतो. त्या दिवसानंतर तेही जरा दबकतच सांगू लागलो.

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्यांना त्यात रस वाटला. दोन शहाणी माणसं समोरासमोर उभी राहिली की एकाच दिव्याला दोन नावं पडतात, हे त्यांना फारच आवडलं. त्यांनी तिथल्या तिथे डावं-उजवं बंद करून टाकलं. चालवणाऱ्याच्या हाताची ती "माझी बाजू" आणि दुसरी "पाहुण्याची बाजू". पुढे आम्ही तिथे राहिलो तितकी वर्षं त्या गाडीला डावं-उजवं नव्हतंच. आमच्या घरात अजूनही बायको म्हणते, "पाहुण्याच्या बाजूचा गॅस बंद करा," आणि नवीन माणूस बुचकळ्यात पडतो.

बाई मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाल्या होत्या. लग्न केलं नव्हतं. अंगाने बारीक, आवाजाने भक्कम. पदर खांद्याला पिनेने टोचलेला आणि गळ्यात सुतळीला बांधलेला एक छोटा टॉर्च. बाजारात, देवळात, लग्नाच्या पंगतीत, कुठेही गेल्या तरी तो टॉर्च गळ्यात. लग्नात एकदा वधूच्या मामाने विचारलं, "बाई, लाइट जायची भीती वाटते का?" तर म्हणाल्या, "नाही. वाकून बघायची सवय आहे."

गुडघे गेलेले, त्यामुळे पायी बुधवाऱ्याच्या बाजारापर्यंतही जायचं म्हणजे संकट. म्हणून ती गाडी. पांढरी, चौकोनी, छोटी. घेतली तेव्हा पांढरी होती, आमच्या वेळेपर्यंत ताकाच्या रंगाची झाली होती. गाडीतून त्या भाजी आणायच्या, बँकेत जायच्या आणि दर मंगळवारी भावाच्या शेतावर. भावाच्या केळीच्या बागा. येताना डिकीत पिकायला आलेले दोन-चार घड असायचे. ते मग सगळ्या गल्लीत वाटले जायचे. बाईंची गाडी आली की समोरचा शिंपी मशीन थांबवून उभाच.

त्यांचा एक नियम होता आणि त्या नियमामुळे त्यांच्या हाताखाली काम करणारी माणसं टिकत नसत. बिघडलेली वस्तू दुरुस्त झाली, एवढ्याने त्यांचं समाधान व्हायचं नाही. का बिघडली होती ते कळलं पाहिजे. आणि कळलं हे कशावरून? तर ती पुन्हा तशीच बिघडवून दाखवता आली पाहिजे. "बिघाड परत आणता आला तरच तो आपल्याला समजला," असं त्या म्हणायच्या. "नाहीतर तो आपला आपण गेला. आपला आपण गेलेला पाहुणा आपला आपण परत येतो."

आमच्या मोरीतला नळ गळत होता. मी चाकीवर दोन ठोसे मारले आणि तो थांबला. मी खाली जाऊन मोठ्या तोऱ्याने सांगितलं. बाई टॉर्च घेऊन वर आल्या, नळाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आता गळवून दाखवा." मला काही तो गळवता आला नाही. त्या मान हलवत खाली गेल्या. पुढच्या आठवड्यात नळ गळू लागला, तेव्हा मी त्यांना आठवडाभर सांगितलंच नाही. खाली बादली लावून ठेवली.

एकदा मला खोकला झाला. चांगला महिनाभर टिकला आणि मग बरा झाला. बाईंनी जिन्यात गाठलं. "कशाने गेला?"

"डॉक्टरच्या गोळ्या घेतल्या, बाई. शिवाय हिचा काढा. आणि झोपताना लसणाचं तेल छातीला."

"तिन्ही एकदम?"

"हो."

त्यांनी कपाळावर हात मारला. "अहो, मग आता कळणार कसं? एवढा चांगला खोकला वाया घालवला तुम्ही!"

हे ऐकून माझी बायको, वैशाली, जिन्यातच बसून हसली. तेव्हापासून तिचं आणि बाईंचं जमलं. माझं मात्र बाईंच्या लेखी स्थान असं होतं की हा माणूस उभा राहायला बरा आहे. गाडीच्या मागे उभं राहायचं आणि दिसतं ते सांगायचं. मत सांगायचं नाही. मी एकदा "मला वाटतं फ्यूज..." असं सुरू केलं, तर आतून आवाज आला, "वाटतं ते नंतर. दिसतं काय?"

तर त्या गाडीच्या मागच्या दिव्यांना एक विचित्र आजार जडला. बाई ब्रेक दाबायच्या तेव्हा पाहुण्याच्या बाजूचा लाल दिवा नीट लागण्याऐवजी मिणमिणायचा आणि त्याच बाजूचा पिवळा इंडिकेटर मंद पेटायचा. म्हणजे बाई थांबायच्या आणि मागच्याला वाटायचं, या वळताहेत. हे आम्हाला कळलं एका रिक्षावाल्यामुळे. घरात मराठी, रस्त्यावर हिंदी असं आमचं गाव. बुधवाऱ्यात तो खिडकीशी येऊन ओरडला, "ओ मैडम, रुकना है कि मुड़ना है? ब्रेक मारती हो और साइड मांगती हो!"

दुसरा कोणी असता तर वरमला असता. बाईंनी त्याला हाताने थांबवलं. "एक मिनट, भैया. जलता-बुझता था, कि सिर्फ जलता था?" मागे हॉर्नचा कल्लोळ. रिक्षावाल्याने नाइलाजाने विचार केला आणि म्हणाला, "सिर्फ जलता था. बीमार जैसा."

"शाबास," बाई म्हणाल्या. घरी येईपर्यंत त्या खुशीत होत्या.

मजा अशी की घरी आणून पाहिलं तर दोन्ही दिवे छान. मिस्त्रीकडे नेली तरी छान. मिस्त्रीने आपला एक बल्ब बदलला, होल्डरवर टिचकी मारली आणि सांगितलं, "हो गया, मैडम." बाईंनी त्याला जुना बल्ब परत लावायला सांगितला.

"क्यों?"

"बल्ब की वजह से था तो पुराना लगाने पर फिर खराब होना चाहिए."

मिस्त्रीने जुना लावला. दिवा तरीही छान. "देखा?" बाई म्हणाल्या, "बल्ब नहीं था." मिस्त्रीने हात पुसायचं फडकं खांद्यावर टाकलं आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "साहब, मैं बिगड़ी गाड़ी सुधारता हूं. सुधरी हुई बिगाड़ने का काम मेरे यहां नहीं होता." त्यानंतर गाडी दिसली की तो शटर ओढून चहाला जायचा.

मंगळवारी बिघाड दिसायचा, बुधवारपर्यंत नाहीसा व्हायचा. कधी गुरुवारीही दिसायचा. बाई पावसावर संशय घेऊन पाहायच्या, उन्हावर घेऊन पाहायच्या. एक आठवडा त्यांनी रेडिओ बंद ठेवून गाडी चालवली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हाही नियमच. मी म्हणालो, "बाई, मंगळवार पाळते म्हणजे गाडी मारुतीची भक्त असेल." त्यांनी तेही काही क्षण विचारात घेतलं असावं. नंतर म्हणाल्या, "मग शनिवारी का नाही?"

हे असंच कित्येक महिने आनंदात चाललं असतं. पण गाडीला पंधरा वर्षं पूर्ण होत आली होती. आरटीओत नेऊन तपासणी करून घ्यायची, पास झाली तर पुढची पाच वर्षं चालवता येणार. आणि नेमका त्याच सुमारास त्यांचा पुतण्या नाशिकहून आला. मंगळवारी शेतावरून परतताना तो आपल्या गाडीत बाईंच्या मागेच होता. बाईंनी ब्रेक दाबला, त्याला वाटलं त्या वळताहेत, तो पुढे काढायला गेला आणि अगदी बोटभर अंतरावर वाचला. घरी आला तेव्हा गाडीचं दार उघडं टाकून तसाच ओसरीवर चढला. मी स्वतः पाहिलं.

"आत्या, बस झालं आता. विकून टाक ही."

"दिवा सापडला की..."

"दिवा, दिवा! मी आज तुझ्या अंगावर आलो असतो."

पुतण्या वाईट नव्हता. घाबरला होता. शेवटी दोघांचा करार झाला, आमच्या समोर, खालच्या ओसरीवर. शुक्रवारी तपासणीची वेळ मिळालेली होती. गाडी पास झाली तर ठेवायची. नाही झाली, तर शनिवारी त्याच्या ओळखीचा माणूस येऊन घेऊन जाईल आणि बाईंनी चकार शब्द काढायचा नाही. बाई म्हणाल्या, "दिला शब्द." त्यांनी शब्द दिला म्हणजे दिला, हे पुतण्यालाही माहीत होतं, म्हणूनच तो निर्धास्तपणे नाशिकला गेला.

तो गेल्यावर बाई बराच वेळ ओसरीवर गुडघ्यांना तेल चोळत बसल्या होत्या. वैशाली चहा घेऊन खाली गेली. तिला त्या म्हणाल्या, "गाडी गेली तर मी कुठं जाणार आहे गं? या ओट्यापर्यंत."

गुरुवारी सकाळी मी गाडीमागे उभा राहिलो. ब्रेक, छान. इंडिकेटर, छान. दिवे लावून ब्रेक, छान. पुन्हा पुन्हा पाहिलं, सगळं झकास. मी टाळ्याच वाजवल्या. "बाई, देवाने ऐकलं! उद्या जायचं आणि पास करून आणायची."

बाई गाडीतून उतरल्याही नाहीत. "मी नाही नेत."

"म्हणजे?"

"का बरी झाली, कळलं नाही."

"अहो बाई, पास तर करून आणू! मग काय, बसा जन्मभर कारण शोधत."

"आणि वाटेत मागून केळीचा ट्रक आला तर? तो माझा पासचा कागद बघून थांबणार आहे का?"

"पण मग शनिवारी गाडी जाईल!"

"जाईल," त्या म्हणाल्या आणि काच वर केली.

मी वर आलो आणि बायकोसमोर हातवारे करून बोललो. इतका हट्टी माणूस मी पाहिला नाही, हे काय तत्त्वज्ञान आहे, स्वतःचे पाय स्वतः कापून घेताहेत, वगैरे. वैशाली केळी सोलत होती. मंगळवारची केळी आता अगदी पिकली होती. शेवटच्या फणीचं शिकरण करायचं चाललं होतं. माझं भाषण संपल्यावर ती म्हणाली, "अहो, एक सांगू का? त्यांची गाडी बिघडते ना, त्या दिवशी नेमकी आपल्याकडे केळी आलेली असतात."

"मग?"

"मग काय. मला दिसतं ते सांगितलं. वाटतं ते नंतर."

मी दोन जिने एका दमात उतरलो, असं सांगायला मला आवडलं असतं. खरं तर वैशाली उतरली, मी चप्पल शोधत होतो. खाली पोचलो तेव्हा बाई तिच्याकडे बघत उभ्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर तो रिक्षावाल्याच्या वेळचा आनंद होता. "मंगळवार नाही," त्या हळूच म्हणाल्या. "केळी. गुरुवारी बिघाड दिसायचा तेव्हा मी माझ्या काकूंकडे केळ्यांची गोणी पोचवायला जायचे." मग त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. आधी तोंडाकडे, मग पोटाकडे.

"आता केळी कुठून आणायची? भाडेकरू, तुमचं वजन किती?"

शुक्रवारी सकाळी लोधीपुऱ्यातल्या भर रस्त्यात मी डिकीत बसलो. डिकीचं झाकण वर, पाय बाहेर लोंबकळलेले, मांडीवर माझा डबा, कारण मला तिथूनच कामावर जायचं होतं. समोरच्या शिंप्याने दुकानातूनच विचारलं, "अरे, भाईसाहब को कहां ले जा रहे हो?" त्याच्या गिऱ्हाइकाने उत्तर दिलं, "मंडी! भाव अच्छा है आज." हळूहळू माणसं जमली. माझ्या ग्रंथालयात येणाऱ्या दोन मुली जाता जाता "नमस्ते सर" म्हणून गेल्या. मीही नमस्ते म्हणालो. डिकीत बसून नमस्ते कसं म्हणायचं, याचा काही शिष्टाचार ठरलेला नाही.

बाईंनी ब्रेक दाबला. वैशाली मागे उभी होती.

"छान आहे, बाई. लाल लागला."

"भाडेकरू, कोपऱ्यात सरका. पाहुण्याच्या बाजूला. मी घड तिथंच ठेवते."

मी सरकलो. बूड कोपऱ्यात गेलं. बाईंनी ब्रेक दाबला आणि वैशाली ओरडली, "लागला! पिवळा लागला! लाल गेला!"

शिंप्याने कारण नसताना टाळी वाजवली. "उठा!" बाई आतून म्हणाल्या. मी उठलो. "विझला," वैशाली म्हणाली. "बसा!" बसलो. "लागला." "उठा!" शाळेत बाई मुलींना उठाबशा काढायला लावत असतील तेव्हा असाच आवाज असणार. माझ्या कपाळाला घाम, गुडघ्यांतून कटकट आवाज आणि बाई दर वेळी आणखी आनंदी. बिघाड परत आणता आला होता. हुकमी, हवा तेव्हा.

मग त्यांनी कोपऱ्यातली चटई उचलली. खाली वर्तमानपत्रांचे थरच्या थर, पत्र्याला चिकटून बसलेले, आणि सगळ्यांवर काळा, वाळलेला चीक. तोडलेल्या घडाच्या दांड्यातून गळतो तो. आपल्याकडे कोणाला सांगायला नको, हा चीक कपड्याला लागला की कपडा गेला. बाईंनी चटई खराब होऊ नये म्हणून दर वेळी तिचं टोक दुमडून घडाचा दांडा त्याच एका कोपऱ्यात, कागदावर टेकवून ठेवला होता. चटई वर नव्यासारखी होती. आणि कागदाच्या खाली, पत्र्यात, एक छोटा स्क्रू, काळा-हिरवा, फुगलेला. त्याच्याखाली दिव्याची वायर. बोट लावलं तर हलत होती.

बाई टॉर्च लावून वाकल्या आणि तशाच राहिल्या. मला वाटलं, गुडघा धरला. वैशालीला वाटलं, रडताहेत. त्या म्हणाल्या, "बघा, भाडेकरू. करंट नुसता यावा लागत नाही. आला की त्याला परत जायला रस्ता लागतो. हा तो रस्ता. बुधवाऱ्यात मिरवणुकीला रस्ता बंद केला की लोक काय करतात?"

"शेजारच्या वाड्यातून निघतात."

"तसा हा इंडिकेटरच्या घरातून निघत होता. म्हणून तिथंही उजेड." त्यांनी त्या काळ्या स्क्रूला बोट लावलं. "आणि रस्ता मीच बंद केला. चटईला जपत बसले."

त्या अजिबात खजील झाल्या नाहीत. उलट मला वाटतं, त्यांना स्वतःचाच थोडा अभिमान वाटला. एवढं अवघड कोडं घालणारी व्यक्ती घरातच होती म्हणून.

पुढचं काम फार वेळाचं नव्हतं. पॉलिश पेपर घेऊन त्यांनी पत्रा घासून चकचकीत केला, वायरचं टोक घासलं, नवा स्क्रू आवळला. मी कोपऱ्यात बसलो. ब्रेक. लाल लाल, पिवळा गप्प. मी म्हणालो, "चला, बाई, उशीर होतोय." त्यांनी स्क्रू सैल केला. "बसा." बिघाड हजर. स्क्रू आवळला. बिघाड गायब. आरटीओतली वेळ जवळ येत चालली होती, घड्याळाकडे बघून माझा जीव खालीवर होत होता आणि बाई स्क्रू सोडत होत्या, आवळत होत्या. शेवटी त्यांनी टॉर्च बंद केला. "आता कळलं," म्हणाल्या. "चला."

मी गाडीत मागे बसलो, पाहुण्याच्या बाजूच्या कोपऱ्यात, वजन म्हणून. कामावर फोन करून सांगितलं की येणं जमणार नाही. कारण विचारलं तेव्हा घरमालकिणीचं काम असं सांगितलं. वैशालीला स्कूटरवर मागून यायचं फर्मान होतं. पूर्ण रस्ताभर दिवे बघत यायचं आणि काही चुकलं तर हॉर्न वाजवायचा. तो वाजवायची गरज पडली नाही. पण आरटीओत भली मोठी रांग होती. आमचा नंबर येईपर्यंत दुपार उलटून गेली.

तपासणारा तरुण मुलगा होता. गाडीभोवती फिरला, नंबर जुळवून पाहिले, मागे उभा राहिला. "ब्रेक दबाइए. लेफ्ट. राइट. हां, ठीक है माताजी, हो गया."

"हो गया?" बाई खिडकीतून म्हणाल्या. "आपने तो ब्रेक और साइड साथ में देखा ही नहीं. वजन रख के भी नहीं देखा."

मी मागच्या सीटवरून त्यांच्या पदराला हलकेच ओढलं. "बाई, पास झाली. पास!"

"तुम्ही गप्प बसा." आणि मग त्यांनी त्या मुलाला घड, चीक, चटई, स्क्रू सगळं सांगितलं. मागे रांगेत हॉर्न वाजत होते. मुलगा आधी घड्याळाकडे बघत होता, मग ऐकू लागला. शेवटी खाली वाकून हळू आवाजात म्हणाला, "माताजी, मेरी बाइक का इंडिकेटर एक तरफ बहुत जल्दी-जल्दी मारता है. क्या होगा?"

"उस तरफ का एक बल्ब गया होगा. आगे का या पीछे का, खुद देखना. किसी और से मत पूछना कि कौन सी साइड है," बाई म्हणाल्या आणि माझ्याकडे पाहिलंही नाही.

कागद हातात पडला तेव्हा उन्हं उतरली होती. हिवाळ्याचे दिवस, पाच वाजले की अंधारायला लागतं. मी नाशिकला फोन लावून दिला. पुतण्याने आधी कागदावरची तारीख वाचून दाखवायला लावली. मग म्हणाला, "सापडलं का कारण?" बाई म्हणाल्या, "मीच." आणि दोघंही हसले. शनिवारच्या माणसाला त्याने तिथूनच नको म्हणून कळवलं.

आता घरी जायचं, वाटेत मावा जिलेबी घ्यायची, असं माझ्या मनात. बाई गाडीपाशी उभ्या होत्या, किल्ली हातात. आत बसेनात. म्हणाल्या, "भाडेकरू, तुम्हाला येते ना चालवता?"

"येते की."

"मग तुम्ही घ्या. मी वैशालीच्या मागे बसते."

"स्कूटरवर? बाई, तुमचे गुडघे..."

"बसायला काय गुडघे लागतात?" मग जरा थांबून, जणू काही लाजिरवाणं सांगताहेत अशा आवाजात म्हणाल्या, "पंधरा वर्षं चालवतेय मी ही. ब्रेक लागताना मागून कशी दिसते, एकदाही पाहिलेली नाही."

हे मला त्याआधी सुचलंच नव्हतं. इतके महिने आम्ही मागे उभं राहून सांगत होतो, लागला, विझला, मिणमिणला. त्या आत बसून आमच्यावर विश्वास ठेवत होत्या. आणि त्यातही पहिल्याच दिवशी मी त्यांना कुठल्या दिव्यापर्यंत पोचवलं होतं!

मी गाडी राजघाटाच्या रस्त्याने काढली, जरा लांबून. आरशात मागे स्कूटरचा दिवा दिसत होता, त्याच्या मागे वैशालीचं हेल्मेट आणि तिच्या खांद्यावरून डोकावणारं बाईंचं डोकं, पदर कानांवरून गुंडाळलेला. मी कारण असलं तरी ब्रेक दाबला आणि नसलं तरी दाबला. म्हैस दिसली, दाबला. खड्डा दिसला, दाबला. एका मोकळ्या, सरळ रस्त्यावर तर मी दर थोड्या अंतरावर दाबत होतो. मागून एक सायकलवाला शिव्या देत पुढे गेला. क्लच कडक, गियर कुठे पडतोय त्याचा पत्ता नाही, आणि मी आयुष्यात इतकं वाईट आणि इतकं मन लावून कधी चालवलं नसेन.

घरी पोचल्यावर बाई स्कूटरवरून सावकाश उतरल्या, माझ्या हातातून किल्ली घेतली, "क्लच फार घासता तुम्ही," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. कसे दिसले दिवे, हे विचारायचं राहूनच गेलं. पुढे त्यांनी ती गाडी बरीच वर्षं चालवली. आता त्या नाशिकला पुतण्याकडे असतात आणि फोनवर मला विचारतात, खोकला कसा आहे. पण त्या संध्याकाळबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत, म्हणून मला माहीत आहे ते वैशालीने सांगितलं तेवढंच.

हातपाय धुऊन ती ओट्याशी चहा टाकत होती. मी विचारलं, "काय म्हणाल्या गं रस्त्यात?"

"काहीच नाही. एक शब्द नाही. तुम्ही ब्रेक लावला की माझ्या खांद्यावर एक बोट टेकवायच्या. दिवा विझला की उचलायच्या."

"दर वेळी?"

"दर वेळी," ती म्हणाली. "राजघाटाच्या पुढे तर मी समोर बघून नाही, त्यांच्या बोटावरच स्कूटर थांबवत होते."